जवळच्याने थांबायचे

दिवाळीत गच्चीवर उभे राहिले की लांबवर सुटलेला बाण आधी फुटलेला दिसतो आणि त्याचा आवाज मागाहून, पायी चालत आल्यासारखा, सावकाश येतो. मध्ये तीन सेकंद गेले तर बाण एक किलोमीटरवर फुटला असे खुशाल समजावे. नदीच्या पलीकडच्या काठावर कपडे आपटणारा धोबी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. हात पुन्हा वर गेला की मग आधीच्या आपटण्याचा आवाज यायचा!

परंतु हा उशीर आपल्या बारा बाय सोळाच्या दिवाणखान्यातही होतो, हे मला घरात ‘होम थिएटर’ आल्यावर कळले. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक फूट चालायला त्याला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळाचा हिशेब कोण ठेवतो? कान ठेवतो. बोलण्यामागून येणाऱ्या प्रतिध्वनीचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास हेल्मूट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली केला. दोन ठिकाणांहून तोच आवाज किंचित मागेपुढे आला, तर जो आधी पोचला त्याच्याच दिशेने सगळे आले, असे आपण धरून चालतो. आधी बोलेल त्याचे खरे! हा न्याय आमच्या सोसायटीच्या सभेतही चालतो.

म्हणून त्या यंत्राला प्रत्येक स्पीकर बसणाऱ्यापासून किती फुटांवर आहे ते सांगावे लागते. यंत्र ते अंतर कमी करीत नाही, लांबच्याला घाईही करीत नाही. ते फक्त जवळच्याला थांबवून धरते. पंगतीत पहिल्या पानावर भात पडला म्हणून कोणी जेवायला लागत नाही. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत सगळे हात आवरून बसतात, तसेच हे. मात्र धीरगंभीर गुरगुरणारी ती मोठी पेटी, सबवूफर, या हिशेबात बसत नाही. टेपने मोजली तर दहा फूट. यंत्राने माइक लावून मोजली तर सोळा! तिच्या पोटातल्या मंडलांतच आवाज थोडा रेंगाळतो, तो उशीर यंत्र फुटांत दाखवते. तो आकडा ‘दुरुस्त’ करू नये.

या सगळ्या मापांत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. मोजायचे, पण कुणापासून?

दुकानातून आलेल्या मुलाने माइक सोफ्याच्या बरोबर मध्यावर ठेवला. आमचे नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. वय एक्याऐंशी, उजवा कान गेलेला, डावा कामापुरता. आणि त्या डाव्या कानापासून तीन फुटांवर मागचा डावा स्पीकर! चित्रपटात पाऊस लागला की तो सगळा नानांच्या कानात पडायचा आणि माणसांचे बोलणे दहा फुटांवरच्या मधल्या स्पीकरमध्येच राहायचे. दहा मिनिटांत नाना ‘झोप येतेय’ म्हणून उठत. साडेआठ वाजता!

‘श्यामची आई’ मात्र ते पूर्ण पाहतात. १९५३ चा तो चित्रपट एकाच वाटेने येणाऱ्या आवाजाचा; तो मधल्या स्पीकरमधून येतो आणि बाकीची महागडी मंडळी गप्प बसतात.

“नाना, खुर्ची सोफ्याशेजारी घेऊ का?” मी विचारले.

“नको रे, इथे उजेड बरा आहे,” ते म्हणाले.

“अहो, ते मोजमाप सोफ्याचं,” सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आणि सोफ्यावर बसतं कोण? इस्त्रीचे कपडे!”

तेव्हा टेप घेऊन मी नानांच्या कानापासून मोजले. पुढचा उजवा बारा, पुढचा डावा नऊ, मधला दहा, मागचा उजवा नऊ, मागचा डावा तीन. आकडे भरले. मागचा डावा आता सर्वांत लांबच्यासाठी सुमारे आठ मिलिसेकंद थांबू लागला. परंतु नुसते थांबवून भागत नाही. तीन फुटांवरचा माणूस उशिरा बोलला तरी मोठ्यानेच बोलतो. त्याचा आवाज बराच उतरवला, मधल्याचा थोडा चढवला. खरे सांगायचे तर बोलणे समजायला या चढउताराचाच उपयोग अधिक झाला. अंतराच्या आकड्यांनी इतकेच केले की आवाज नानांच्या खांद्यामागून न येता पडद्याकडून येऊ लागला.

चिरंजीवांची तक्रार आहे की सोफ्यावरून पाहिले तर पाऊस आता उजवीकडेच पडतो. पडो.

परवा रात्री कोर्टाचा एक चित्रपट लागला होता. सव्वादहा वाजले तरी नाना उठले नाहीत. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “तो वकील पहिल्या साक्षीपासून शब्द फिरवत होता. तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”