कामापुरतं बोलू नकोस

सांगली,
शुक्रवार, रात्री

चि. मनूस,


रेडिओवरच्या सकाळच्या नेटसाठी केलेल्या नियमांचं तुझं टिपण वाचलं. सगळ्यांना पाठवलंस तसं मलाही पाठवलंस, आणि खाली ‘मावशी, तुझं मत कळव’ असं वेगळं लिहिलंस, म्हणून हे पत्र. नाहीतर मंगळवारीच बँडवर तुझे कान उपटले असते. तेव्हा गप्प राहिले, कारण चारचौघांत माणसाला तोडायचं नसतं. तू बार्शीच्या अण्णांना तोडलंस.

काय सांगत होते ते? यंदा गावरान कैरी उशिरा आली, लोणच्याला फोडी कोण करून देणार, सुनेचं ऑफिस, विळी धारेला टाकलीय. एवढंच. आणि तू मधे शिरून म्हणालास, ‘‘अण्णा, कामाचं असेल तर बोला, फ्रिक्वेन्सी मोकळी करा.’’ त्या दिवशी सिग्नल इतका स्वच्छ होता की कोल्हापूरपासून लातूरपर्यंत प्रत्येकानं ते नीट ऐकलं. अण्णा ‘‘रोजर, सेव्हन्टी थ्री’’ म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते सकाळच्या नेटवर आलेले नाहीत. तुझ्या लक्षात आलंय का हे? चेक-इनची यादी तूच करतोस.

आता तुझे नियम. प्रत्येकाला दोन मिनिटं. कॉलसाइन, ठिकाण, सिग्नल रिपोर्ट, तांत्रिक प्रश्न असल्यास तो, आणि ‘घरगुती विषय टाळावेत’. तू लिहितोस की हॅम रेडिओ हे प्रयोगाचं माध्यम आहे, चावडी नव्हे. मनू, लायसन्सच्या परीक्षेच्या आधी उन्हाळ्यात माझ्याकडे राहिला होतास तेव्हा नियमावली मी तुझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली होती. ओहमचा नियम तुला येत होता, कायद्याचा भाग तू ‘रटाळ’ म्हणून उडवायला बघत होतास. त्या रटाळ भागातच तुझं उत्तर होतं. 1927 साली वॉशिंग्टनला जगातल्या देशांनी बसून रेडिओचे नियम केले, तेव्हा हौशी लोकांनी काय बोलावं हेही ठरवलं. आपल्या प्रयोगांविषयी बोलावं, आणि खाजगी स्वरूपाचं असं बोलावं की जे इतकं बिनमहत्त्वाचं आहे की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेकडे जाणं योग्य ठरणार नाही. बिनमहत्त्वाचं असणं ही अट होती! महत्त्वाचं असेल तर तारेनं पाठवा, पैसे भरा. आमच्यासाठी राखून ठेवलं होतं ते लोणचं, गुडघे, पाऊस आणि नातवंडांचं. ते कलम थोड्याफार फरकानं 2003 पर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांत होतं. आता शब्द बदलले तरी वैयक्तिक स्वरूपाच्या बोलण्याला जागा आहेच. बंदी आहे ती धंद्यावर, गाणी वाजवण्यावर, सांकेतिक भाषेत लपवून बोलण्यावर. कैरीवर नाही.

अमेरिकेतल्या हौशी संघटनेनं, एआरआरएलनं, ‘रॅग च्युअर्स क्लब’ काढला होता. त्यात यायचं तर एका माणसाशी निदान अर्धा तास गप्पा मारायच्या, नुसती देवाणघेवाण करून पळायचं नाही. अर्ध्या तासाच्या गप्पांना प्रमाणपत्र! तुझे काका ते वाचून इतके खूश झाले होते की दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांशी मोर्समध्ये अर्धा तास काढला. टकटक ऐकून शेजारच्या काकू विचारायला आल्या, सुतार लावलाय का म्हणून.

तू म्हणशील, मावशी आठवणींत शिरली. बरं, तांत्रिक बोलू या. सिग्नल रिपोर्टमध्ये ‘फाइव्ह नाइन’ दिलं आणि घेतलं की तुला काय कळतं? स्पर्धेत सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच देतात, ऐकू येवो न येवो. चाळीस मीटरच्या बँडवर सकाळी सूर्य वर यायला लागला की वातावरणाचा वरचा थर भरत जातो, मग सोलापूर-सांगली असलं जवळचं अंतरसुद्धा जवळजवळ सरळ वर जाऊन खाली येणाऱ्या लहरींवर जमतं. पण ते एका क्षणात होत नाही. आवाज फुगतो, बसतो, परत फुगतो. हे क्यूएसबी दोन सेकंदांच्या रिपोर्टमध्ये कसं दिसणार? त्याला माणूस सलग बोलावा लागतो. विट्याच्या मास्तरांकडे रोज आठनंतर खरखर वाढते हे कधी कळलं, आठव. शेजाऱ्यानं गच्चीवर सोलर बसवलं, त्याची मुलगी बंगळूरहून आली, तिनंच पैसे दिले, असं सगळं पुराण सांगता सांगता कळलं. ऊन आलं की इन्व्हर्टर चालू होतो आणि मास्तरांचा रिसीव्हर बुडतो. तुझ्या दोन मिनिटांत मास्तरांनी ‘‘इथे गोंगाट आहे, ओव्हर’’ म्हटलं असतं आणि आपण सगळ्यांनी ‘‘रोजर’’ म्हटलं असतं. पुढे तिकडे जाऊन फेराइटच्या कड्या कोणी घातल्या? तूच ना?

आणि किल्लारीचा भूकंप. तुझा जन्म झाला नव्हता म्हणून तो तुला आमची गोष्ट वाटतो, हे मला ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. गणपती बोळवून गावं झोपली होती. काका गाडीची बॅटरी, रिग आणि वायरचं भेंडोळं घेऊन निघाले. दोन झाडांना डायपोल बांधला, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. मी इथे घरच्या स्टेशनवर, आणि मधे बार्शीला अण्णा. दिवसा चाळीस मीटरवर ठीक चाललं. संध्याकाळ झाली तसा जवळचा पल्ला मिटायला लागला. जवळची स्टेशनं बुडाली आणि चेन्नईकडचे लोक कानात बसले, तेव्हा आम्ही ऐंशी मीटरवर उतरलो. पावसाळी हवा, आभाळात विजा, कडकड नुसती. तिकडून याद्या यायच्या. अमक्या गावचा अमका, जिवंत आहे, पुण्याच्या भावाला कळवा. इतक्या पेट्या औषधं, इतकी ताडपत्री.

‘सात’ आणि ‘साठ’ यांत त्या कडकडाटात काय फरक ऐकू येतो सांग. काहीच नाही. नवख्या स्टेशनकडून आकडा आला की आम्ही तो दोनदा, तीनदा परत म्हणून घ्यायचो, आणि मागे दुसरे निरोप खोळंबायचे. अण्णांचा आकडा मला पहिल्या खेपेला कळायचा. ते ‘साठ’ म्हणताना शेवटाला किंचित थांबतात, दम दिल्यासारखं, आणि ‘सात’ पटकन टाकतात. हे मला कसं माहीत? त्याआधी किती वर्षं सकाळी मी त्यांच्या तोंडून कांद्याचे भाव ऐकत आले होते! ओळखीचा आवाज गोंगाटातही लवकर समजतो, हे श्रवणशास्त्राच्या प्रयोगांतूनही दिसलंय. पण ती ओळख संकटाच्या दिवशी करून घेता येत नाही. तेव्हा ती आधीच झालेली असावी लागते, आणि ती ‘कामाचं’ बोलून होत नाही, कारण कामाचं बोलणं सगळ्यांचं सारखंच असतं.

भूजच्या भूकंपाचं बघ. 26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ. फोन आडवे झाले, आणि ठिकठिकाणचे हॅम आपापली रिग घेऊन कच्छात पोचले. अंदमानचं तर तू स्वतः शाळेत निबंधात लिहिलं होतंस. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअरला गेले होते ते हौसेसाठी. फार वर्षं जिथून कोणी बोललं नव्हतं तिथून जगाशी बोलायचं, संपर्काची कार्डं गोळा करणाऱ्यांना एक दुर्मिळ ठिकाण द्यायचं, बस. 26 तारखेला त्सुनामी आली आणि तेच हौशी स्टेशन बेटांचे निरोप मुख्य भूमीला पोचवायला लागलं. तिथे कोणी ‘आपत्ती व्यवस्थापन’ करायला गेलं नव्हतं. खेळायला गेलेली माणसं होती, म्हणून त्या सकाळी अँटेना उभी होती.

तुझ्या टिपणात शेवटी आहे की ‘आपत्कालीन सज्जतेसाठी नेट काटेकोर हवं’. अरे, सज्जता म्हणजे रोज कोणीतरी रिग चालू करणं. आणि रोज रिग चालू करायला माणसाला काहीतरी ओढ लागते. सिग्नल रिपोर्टसाठी कोण उठतंय पहाटे? मी उठते ती विट्याच्या मास्तरांच्या नातीचं काय झालं, लातूरला पाणी कितव्या दिवशी आलं, हे ऐकायला. तू ओढ काढून टाकशील आणि शिस्त ठेवशील. मग महिन्याभरात शिस्तीला माणसं उरणार नाहीत. मागे ज्या गटानं असंच केलं त्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. आता त्या फ्रिक्वेन्सीवर सकाळी नुसती खरखर असते.

आणि हे फक्त नेटपुरतं नाही, म्हणून मला जास्त लागलंय. हल्ली सगळीकडे हेच ऐकते. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न, ‘काही काम होतं का?’ फोन उचलला की, ‘बोला, काय काम काढलंत?’ काम असल्याशिवाय माणसानं माणसाशी बोलू नये असा नियम कोणी केला? बँकेत, दवाखान्यात, रिक्षात, सगळीकडे माणसं नेमकं तेवढंच बोलतात आणि गप्प होतात. म्हाताऱ्यांकडे तर कामच नसतं. म्हणजे त्यांनी बोलायचंच नाही? तुझी आई मला फोन करते तेव्हा पहिली पाच मिनिटं काहीही सांगत नाही, दूध नासलं, मांजर व्यायली. सहाव्या मिनिटाला तिच्या पोटातलं येतं. ती पाच मिनिटं कापलीस तर सहावं येणारच नाही. तू सोलापुरात एकटा राहतोस, रात्री अकराला नोकरीवरून येतोस. तुझ्याशी काम नसताना कोण बोलतं, मनू? सकाळच्या नेटवर तरी ‘मन्या, जेवतोस का नीट’ असं अण्णाच विचारायचे. त्यावर तू ‘‘अफर्मेटिव्ह’’ म्हणायचास आणि सगळे हसायचे.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. वरचं सगळं दुसऱ्या दिवशीही लिहिता आलं असतं.

अण्णा पूर्वी एका दमात बोलायचे. पीटीटीचं बटण दाबलं की कैरीपासून तुकाराम बीजेपर्यंत, मधे कोणाला ‘ब्रेक’ म्हणायलाही फट नसायची. या उन्हाळ्यापासून ते मधे थांबतात. पहिल्यांदा वाटलं क्यूएसबी आहे. मग ऐकलं की फक्त बोलणं थांबलंय. मागे पंख्याची घरघर नीट येतेय, म्हणजे बटण दाबलेलं आहे आणि माणूस श्वास घेतोय. चार शब्द, थांबणं. परत चार शब्द. मंगळवारी ‘विळी धारेला’ म्हणाले आणि ‘टाकलीय’ म्हणायच्या आधी थांबले. एवढंसं वाक्य, मनू. त्याच वेळी तू शिरलास. तुला वाटलं बोलणं संपलं.

मी बुधवारी फोन केला. ‘‘बराय, बराय, उकाडा आहे,’’ एवढंच बोलले. फोनवर ते नेहमीच तेवढं बोलतात, त्यावरून काही कळत नाही. सून दिवसभर बाहेर असते, तिच्यापाशी ते कण्हणारही नाहीत. काकांचंही असंच झालं होतं. जिना चढून आले की निरोप देताना थांबायचे, मी म्हणायचे वय झालं. म्हणून मला झोप नाही.

परवा रविवार आहे. सोलापूरहून बार्शी काही लांब नाही, सकाळच्या गाडीनं जा. माफीबिफीचं भाषण करू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. ‘अँटेना बघायला आलो’ म्हण. ती तशीही बघायला हवीच. मागच्या वळिवापासून त्यांचा एसडब्ल्यूआर वाढलाय असं ते म्हणत होते, कोॲक्सच्या टोकाला पाणी गेलं असणार. नवा कनेक्टर, सोल्डर आणि सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेप घेऊन जा. गच्चीवर तू एकटा चढ, त्यांना ‘मी दाखवतो’ म्हणून मागे येऊ देऊ नकोस. विजेचे दिवस आहेत, दुपारनंतर आभाळ भरलं तर काम अर्धं टाकून खाली ये आणि कोॲक्स रिगपासून काढून खिडकीबाहेर सोड. जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांना दम लागतो का, पाय सुजलेत का, रात्री किती उशा घेतात, एवढं बघून ये. उशांचं विचारायला विसरू नकोस. आणि काहीही संशय आला तर सोमवारची वाट पाहू नकोस, तिथूनच त्यांच्या मुलाला फोन कर आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पैशाचं मी बघते.

जेवायला थांब म्हणतील, थांब. फोडी करायच्या राहिल्या असतील तर करून दे. विळी येते ना चालवता?

टिपणाबद्दल सोमवारी नेटवर बोलू. कंट्रोल तूच कर, मी पाडायला बघत नाहीये. फक्त ते दोन मिनिटांचं आणि ‘घरगुती’चं काढून टाक, बाकी तुझं धंद्याच्या जाहिरातीविषयी आणि एकाच वेळी दोघांनी बोलण्याविषयी जे आहे ते बरोबर आहे, तेवढं ठेव. रविवारी रात्री मात्र बँडची वाट न पाहता मला फोन कर. कितीही वाजू देत. नुसतं ‘बराय’ म्हणू नकोस, सगळं सांग.

तुझी,
मावशी