नानांच्या हातातली किल्ली

पुरीम होऊन आठवडा झाला होता. अश्दोदला एकाच इमारतीत राहणारे नाना-नानी, बापू आणि मावशी असे चौघे नेगेव पाहायला निघाले. बापूंच्या मुलाची कॅम्पर व्हॅन मिळाली होती. आत चार बिछाने, गॅसची शेगडी आणि भांडी घासायला इवलीशी मोरी. नानांनी उभा जन्म ट्रक चालवला होता, त्यामुळे गाडी कोणी चालवायची हा प्रश्नच निघाला नाही. मावशींकडेही लायसन होते, पण त्यांना कोणी विचारले नाही.

दिमोनात बापूंच्या बहिणीकडे चहा झाला. तिथून गाडी स्दे बोकेरला गेली. डेव्हिड बेन-गुरियन १९५३ साली पंतप्रधानपद सोडून या ओसाड जागी राहायला आले. त्यांची आणि पत्नी पॉला यांची थडगी खोल दरीच्या काठावर आहेत. वर फक्त साधी दगडी लादी. जन्म १८८६, आलिया १९०६, मृत्यू १९७३, एवढेच काय ते त्यावर कोरलेले. जवळच रानबकरे निवांत चरत होते.

नाना लादीपाशी वाकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नानी, तू वाच. तुझा आवाज बरा आहे."

नानींनी वाचले. मनात मात्र खूणगाठ बांधली.

पुढे अव्दात लागले. पेत्राहून गाझाकडे उंटांवरून धूप-मसाले नेणाऱ्या नबाती लोकांचे हे शहर. २००५ साली ते जागतिक वारशात गेले. पावसाचा थेंबन् थेंब साठवून या लोकांनी वाळवंटात वस्ती केली. द्राक्षे तुडवण्याचे जुने हौद आजही दिसतात. "आमच्या कोकणात एवढा पाऊस, तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा," बापू म्हणाले.

रात्री मित्स्पे रामोनला मुक्काम. सकाळी कड्यावर उभे राहिले तर समोर माख्तेश रामोन. लांबी सुमारे चाळीस किलोमीटर, खोली काही ठिकाणी पाचशे मीटर. हे विवर उल्केने झालेले नाही आणि ज्वालामुखीनेही नाही. वरचा टणक खडक झिजून फुटला आणि खालचा मऊ वालुकाश्म पाण्याने लाखो वर्षे वाहून नेला. माख्तेश म्हणजे हिब्रूत खल. मावशी हसल्या, "अगो बाई, म्हणजे देवाचा खलबत्ता!"

आता त्या खलात उतरायचे होते. रस्ता नागमोडी, एका बाजूला दरी. नाना किल्ली घेऊन गाडीकडे वळले, तशा नानी दाराआड उभ्या राहिल्या.

"काल थडग्यावरचं साल तुम्हाला दिसलं नाही."

"उन्हाची तिरीप होती."

"परवा दुकानात किंमतही दिसली नाही. तिथे कुठे ऊन होतं?"

कोणी काही बोलेना. बापू उगाच टायर तपासू लागले. नाना बराच वेळ दरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उजव्या डोळ्याला सहा महिने झाले धुकं आहे. डॉक्टरकडे गेलो तर लायसन जाईल, म्हणून गेलो नाही."

"आणि आम्ही चौघे दरीत गेलो असतो म्हणजे?" नानींचा आवाज कापत होता.

नानांनी किल्ली मावशींच्या हातात ठेवली. "पहिल्या गिअरवर उतरव. ब्रेक धरून ठेवू नकोस, तापतो."

मावशींनी तफिलात हादेरेख म्हटली आणि गाडी हळूहळू उतरवली. नाना शेजारी बसून प्रत्येक वळण आधीच सांगत होते.

खाली पोहोचल्यावर नानींनी मलिदा करायला घेतला. भिजवलेले पोहे, साखर, किसलेले खोबरे, वेलची, वर खजूर आणि आणलेली फळे. चौघांनी मिळून एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले. बापूंना अलिबागजवळचे खंडाळा आठवले. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असे त्यांची आजी सांगायची.

"रथ कोण चालवत होतं, ते आजीने नाही ना सांगितलं?" नानांनी विचारले. सगळे हसले, नानीही हसल्या.

परतीचा सगळा रस्ता मावशींनी गाडी चालवली. अश्दोदला पोहोचल्यावर नानांनी, सामान उतरवण्याआधी, डॉक्टरची वेळ घ्यायला नानींना फोन लावायला सांगितला. नंबर त्यांना दिसत नव्हता. या वेळी त्यांनी तसे सांगितले.