मुंडावळीआडचा डोळा

नवा कॅमेरा जाहीर झाला की पहिल्यांदा विचारले जातात मेगापिक्सेल, मग किंमत. लोहाऱ्यात आणि आसपासच्या गावांत लग्नाची कामं धरणाऱ्याने पहिला प्रश्न खुशाल सोडून द्यावा. आपला अल्बम उघडला की 12 बाय 36 इंचांचा, म्हणजे एक पान 12 बाय 18 चं. इंचाला 300 ठिपके धरले तरी त्या पानाला 5400 बाय 3600 ठिपके लागतात. झाले साडेएकोणीस मेगापिक्सेल. 2018 मध्ये आलेला सोनीचा ए7 थ्री 24 मेगापिक्सेलचा होता. त्यात एकच फोटो पानभर लावून वर थोडी कातरछाटही करता येते. चौकातला वाढदिवसाचा बोर्ड कितीही मोठा असला तरी तो रस्त्यापलीकडून बघायचा, त्याला याहून कमी पुरतात. आणि बाकीचे सगळे फोटो शेवटी व्हॉट्सॲपवर बारीक होऊनच फिरतात. कॅननने जुलै 2024 मध्ये आपला सर्वांत वरचा आर1 जाहीर केला, तोही 24 चाच. कंपनीच जिथे थांबली, तिथे आपण 45 साठी कर्ज काढायचं कारण नाही.

मग नवं काय आहे? माझ्या मते फोटोचा दर्जा नव्हे, तर सेन्सर वाचला जाण्याचा वेग. सेन्सरवरचं चित्र वरून खाली ओळीओळीने वाचलं जातं. हे वाचन संथ असेल आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल, तर स्टेजवरच्या एलईडी दिव्यांची उघडझाप नवरीच्या शालूवर आडवे पट्टे ओढून जाते. वाचन जितकं झटपट, तितके पट्टे कमी. नोव्हेंबर 2023 मध्ये सोनीने ए9 थ्री आणला, त्यात सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. जून 2024 च्या निकॉन झेड6 थ्रीमध्ये तेवढं नाही, पण वेग आधीच्या मॉडेलच्या कितीतरी पुढे. गंमत अशी की हा वेग दोघांनीही चित्राच्या जिवावर मिळवला आहे. ए9 थ्रीचा मूळ आयएसओच 250 पासून सुरू होतो, आणि झेड6 थ्रीच्या फोटोतल्या गडद सावल्या उजळायला गेलं तर झेड6 टूपेक्षा थोडी जास्त रवाळी दिसते. म्हणजे नवा कॅमेरा अधिक चांगला फोटो काढतो, असं म्हणण्यापेक्षा तो फोटो कमी वेळा हुकवतो असं म्हणणं खरं.

हुकणं म्हणजे काय ते आपल्या लग्नात जितकं कळतं तितकं कंपनीच्या पत्रकात कळत नाही. नवरीचा चेहरा बाजूने घेताना मुंडावळीची सर नेमकी डोळ्याआड येते. 85 मिमीच्या लेन्सने एफ 1.8 वर दोन मीटरवरून फोटो घेतला तर सुस्पष्ट पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा मिळतो. जुन्या डीएसएलआरला डोळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तो फोकस बिंदूखाली जे ठसठशीत असेल ते धरायचा. मोती लख्ख, डोळे पुसट. डोळा ओळखून त्याला चिकटून राहणारा फोकस इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. अक्षतांचंही तेच. ‘सावधान’ म्हटल्यावर बटण दाबलं की अर्धा क्षण उलटून गेलेला असतो, अंतरपाट खाली आलेला असतो. बटण पूर्ण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद साठवून ठेवणारी सोय आता वरच्या दर्जाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे. ती पक्षी टिपणाऱ्यांसाठी केली असेल. तिची खरी गरज मांडवातल्या फोटोग्राफरला.

यावर जुनी मंडळी म्हणतात की 36 फोटोंच्या रोलवर आम्ही अख्खं लग्न काढलं, एकही विधी सुटला नाही. खरं आहे. पण त्या काळी लोकांना थांबवून उभं करता येत होतं आणि गिऱ्हाइकालाही तसेच फोटो हवे असत. आज नवरीच्या बापाला ‘जरा इकडे बघा’ म्हटलेलं चालत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तो क्षणच हवा असतो. काम बदललं, म्हणून हत्यार बदललं. दुसरा आक्षेप जास्त धारदार: कॅमेऱ्याने काय होतं, नजर हवी. नजर हवीच. पण फोकस गमावलेल्या फायलीतून नजर सिद्ध करता येत नाही. तरीही हा आक्षेप एका जागी पुरता बरोबर ठरतो, तो म्हणजे उभं कुठे राहायचं. व्हिडिओवाला, भटजी आणि मामा यांच्या मधली फूटभर जागा कुठलाही सेन्सर शोधून देत नाही.

लेन्सच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. सिग्माने 2024 मध्ये 28-45 मिमीचा एफ 1.8 झूम काढला. फुल फ्रेमसाठी इतका उजेड घेणारा तो पहिलाच झूम. कागदावर देखणा. पण हळदीच्या वेळी पत्र्याच्या खोलीत पाठ भिंतीला टेकलेली असताना 28 अपुरा पडतो, तिथे 24 च हवा. उलट कॅननचा त्याच वर्षीचा 28-70 एफ 2.8 फक्त 495 ग्रॅमचा. 24 त्याच्यातही नाही, पण हळदीपासून वरातीपर्यंत गळ्यात अडकवणाऱ्याच्या मानेला त्या आकड्याची किंमत कळते. शिवाय बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी होते, लेन्स तशी होत नाही, म्हणून माउंट आधी निवडावा. सोनीसाठी इतर कंपन्यांच्या लेन्स मुबलक आहेत. कॅननने 2024 मध्ये आरएफ माउंटवर सिग्मा-टॅमरॉनला वाट दिली, पण ती लहान सेन्सरच्या लेन्सपुरती.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको: दोन कार्डांची जागा. 2018 चे कॅनन आर आणि निकॉन झेड6 दोन्ही एकाच कार्डाचे होते. निकॉनने 2020 मध्ये झेड6 टूत दुसरी जागा दिली. पत्रकात ही ओळ खाली कुठेतरी असते. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात जिथे सास्तूरसारखं गाव दगडमातीखाली गेलं, त्या आपल्या लोहारा तालुक्यात घराघरातल्या एकुलत्या एक अल्बमांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. दुसरी प्रत फोटो काढतानाच तयार होते, याहून मोठी सोय मला कुठल्या घोषणेत दिसत नाही.

राहिला दुपारचा मुहूर्त. साडेबाराच्या उन्हात आयएसओ 100 ला एफ 11 आणि 1/200 असा हिशेब बसतो, कारण साध्या शटरवर फ्लॅश त्याच्या फारसा पुढे जात नाही. एफ 11 ला मागचे टँकर, खुर्च्या, मोटारसायकली सगळं लख्ख. हाय स्पीड सिंक लावला तर फ्लॅशची ताकद गळते. ए9 थ्रीमध्ये एफ 2.8 आणि 1/3200 च्या आसपास जाऊनही हाय स्पीड सिंकशिवाय फ्लॅश चालतो, कारण सेन्सर एका झटक्यात वाचला जातो. हे खरोखर नवं आहे, आणि अमेरिकेत 2023 मध्ये जाहीर झालेली किंमत सहा हजार डॉलरच्या घरात होती. ही सोय झिरपत आपल्या ऐपतीत यायला वेळ लागेल. शहरातले स्टुडिओ नवं घेतील तेव्हा त्यांचे दोन पिढ्यांमागचे कॅमेरे आपल्याकडे निम्म्या-पाऊण भावात येतील, डोळा धरणाऱ्या फोकससकट. तोवर उन्हासाठी दोनच उपाय आहेत: मोठा फ्लॅश विकत घेणं, नाहीतर नवरा-नवरीला चार पावलं मांडवाच्या सावलीत सरकवणं. दुसऱ्यासाठी फक्त मामाची परवानगी काढावी लागते.