बहात्तर तुकड्यांची गादी

गोदामात पडलेली कुस्तीची गादी पटकन ओळखू येत नाही. भिंतीला टेकवलेले फोमचे तुकडे, एकेक दोन मीटर लांब, मीटरभर रुंद आणि पाच-सहा सेंटिमीटर जाड. शेजारी गुंडाळी करून ठेवलेलं प्लास्टिकचं जड कापड, आणि त्याचा तो डोकं उठवणारा वास. असे 72 तुकडे एकमेकांना भिडवून मांडायचे, वरून कापड चारी बाजूंनी ताणून बांधायचं, मग ती पुरी होते: बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद. मधे नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, त्याच्या कडेला आतून मीटरभराचा नारिंगी पट्टा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांपैकी एक लाल, एक निळा. मांडून झाली की कुणीतरी अनवाणी पायांनी तिच्यावरून फिरतं आणि फटी शोधतं. फटीत पायाचं बोट अडकलं तर पैलवानाचा मोसम तिथेच संपतो.

कुणी तिला मॅट म्हणतं. महाराष्ट्र केसरीच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र ‘माती विभाग’ आणि ‘गादी विभाग’ असंच छापलेलं असतं.

तिचा स्वभाव बदली होऊन आलेल्या गणिताच्या बाईंसारखा आहे. घड्याळ बघणार, गुण मोजणार, ओळख दाखवणार नाही. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद विश्रांती. वर्तुळाबाहेर पाय पडला, समोरच्याला एक गुण. खाली आणून ताबा घेतला, दोन. उचलून फेकलं, चार, आणि फेक उंचावरून असेल तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. नुसतं अंगाला अंग लावून उभं राहिलात तर पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत, आणि तेवढ्यात काही केलं नाही तर गुण समोरच्याच्या नावावर. मातीत अर्धा-अर्धा तास नुसती खडाखडी चालायची आणि फडावरचे लोक त्यातही रस घ्यायचे. गादीला असला रस नाही.

जुन्या पैलवानांचा तिच्यावर राग आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. तालमीतल्या मातीला हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर असा खुराक असतो. माती पैलवानाचा घाम पिते, पडणाऱ्याला सांभाळून घेते. गादी घाम पीत नाही, तो पुसावा लागतो. रोज जंतुनाशकाने पुसली नाही तर गजकर्ण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला वेळ लागत नाही. तिच्यावर घासलेलं कोपर दोन दिवस चुरचुरतं. शिवाय लंगोट लावून अनवाणी उतरलं असं चालत नाही. बूट लागतात, अंगाला घट्ट बसणारा कॉस्च्यूम लागतो. खाशाबा जाधवांना हा अनुभव 1948 सालीच आला. मातीत वाढलेला हा गोळेश्वरचा पैलवान लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपल्या मराठवाड्यातला, पाटोद्याचा राहुल आवारे मातीतून गादीवर गेला आणि 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं, 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. म्हणजे बाई कडक, पण नापास करायचंच असं ठरवून बसलेल्या नाहीत.

मला ती आवडते ते वेगळ्याच कारणासाठी. तिला सोवळं नाही.

मातीला आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तालमींत कोनाड्यात मारुती, खाली हौद्यात लाल माती, आणि बाईमाणसाने उंबऱ्याच्या आत यायचं नाही ही रीत. पैलवानाची आई वर्षानुवर्षं दूध-बदाम पाठवत राहिली, पण पोरगा कुठे घुमतो ती जागा तिने पाहिली नाही. हमीदा बानू ही 1950 च्या आसपास गाजलेली पैलवान बाई. मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान होतं. कोल्हापुरात तिने पुरुष पैलवानाला पाडलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पुण्यात तिची ठरलेली कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. पुढे ती कल्याणला राहिली. कोल्हापूरची माती काही म्हणाली नसेल. जे काही म्हणायचं ते काठावरच्यांनी म्हटलं. पण काठावरचे मातीच्या नावानेच बोलत होते, हेही खरं.

गादीच्या नावाने असं बोलायची सोय नाही. तिच्या कोपऱ्यात मारुती नाही, तिला पिढ्यांचा इतिहास नाही, ती कुणा वस्तादाची नाही. ती कारखान्यातून ट्रकमध्ये येते, शाळेच्या हॉलमध्ये पसरते, संध्याकाळी गुंडाळली जाते. जिला देवच नाही तिला विटाळ कसा होणार? रीत मोडण्यासाठी कुणाला भांडावंही लागलं नाही. मुलींच्या गटाची वेळ लागली, मुली बूट बांधून वर चढल्या, एवढंच झालं. गादीला आपण काही मोठं केलं याचा पत्ताही नसावा.

चितेगावसारख्या गावाला ती म्हणूनच शोभेल असं मला वाटतं. संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की बिडकीनच्या अलीकडे हे गाव. एकीकडे कपाशीची रानं, दुसरीकडे कारखान्यांच्या भिंती. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे एके काळी त्याचं नाव महाराष्ट्रभर झालं होतं. पाळीवर जाणाऱ्या माणसांनी भाड्याच्या खोल्या भरल्या, आणि कोण कुठल्या तालमीचा, कुठल्या आळीचा हा हिशेब आपोआप पातळ झाला. अशा गावात एखाद्या मुलीला कुस्ती धरायची असेल तर तिला तीनशे वर्षांची तालीम नको. एक पत्र्याचा हॉल, 72 तुकडे आणि मायेने ओरडणारा एक प्रशिक्षक पुरे. अर्थात हॉल, तुकडे आणि प्रशिक्षक तिन्ही एकाच वेळी मिळणं हे आपल्याकडे ऑलिम्पिकइतकंच अवघड, ते सोडा.

याच जिल्ह्याने कुस्तीला एक मोठा मान दिलेला आहे. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा 1961 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला झाली आणि सांगलीच्या दिनकर दह्यारींनी ती जिंकली. बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला त्यानंतर 62 वर्षं जावी लागली. मार्च 2023 मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून तो किताब घेतला. पहिली गदा सांगलीकराची आणि बायकांचीही पहिली सांगलीकरणीचीच. मधल्या काळात जगात बरंच काही होऊन गेलं होतं. बायकांची जागतिक स्पर्धा 1987 साली सुरू झाली. 2004 साली अथेन्समध्ये बायकांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली, आणि 48 किलो गटातलं पहिलंवहिलं सुवर्ण युक्रेनच्या इरिना मेरलेनीने नेलं. अंतिम फेरीत तिने जपानच्या चिहारू इचोला हरवलं. मेरलेनी त्याआधी तीनदा जगज्जेती झाली होती, आणि चार वर्षांनी बीजिंगला तिने कांस्यही मिळवलं. म्हणजे युक्रेनमधली एक बाई ऑलिम्पिकची गादी जिंकून, पुन्हा येऊन, पदकासह परत गेली, आणि आपल्या राज्यात बायकांची गदा अजून घडवायची होती.

युक्रेनची दुसरी एक बाई आपल्या लोकांना नावाने आठवत नाही, पण तिची कुस्ती लाखोंनी पाहिली आहे. ऑक्साना लिवाच. पॅरिस, 6 ऑगस्ट 2024, पन्नास किलो गट. त्या दिवशी विनेश फोगाटने आधी युई सुसाकीला 3-2 ने पाडलं होतं. परदेशी कुस्तीगिराकडून सुसाकी तोवर कधी हरलेली नव्हती. मग उपांत्यपूर्व फेरीत समोर लिवाच आली. तिने सहजासहजी काही दिलं नाही. विनेशने कुस्ती 7-5 ने जिंकली. आपल्याकडे टीव्हीसमोर बसलेल्यांना त्या पाच गुणांचा रागच आला असेल. पण पटात शिरलेल्या विनेशच्या पाठीवर स्वार व्हायला निघालेली ती पोरगी चितेगावच्या एखाद्या पोरीने नीट पाहिली असेल, तर तिला विनेशइतकंच लिवाचकडूनही शिकता आलं असतं. मागे पडल्यावर घाई न करता अंगावर कसं जायचं, हे हरणाऱ्याच्या कुस्तीत जास्त दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनेशचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. इथे गादीवर आळ घेऊ नये. काटा वेगळा, तो दुसऱ्या खोलीत असतो. उपांत्य फेरीत विनेशकडून हरलेली क्युबाची गुझमान तिच्या जागी अंतिम फेरीत गेली. सुसाकी आणि लिवाच या दोघींची रेपेचाजची, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीची कुस्ती थेट कांस्यपदकाची ठरली. लिवाचला रात्रीतून पदक एका कुस्तीवर आलं. तिने मागितलं नव्हतं, मिळवलंही नव्हतं, काट्याने आणून दिलं होतं.

इथे माती असती तर काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं असतं की काल ही पोरगी विनेशला सात-पाचपर्यंत घेऊन गेली होती, हिच्याही नावाने नारळ फोडा. गादीवर काल काही नसतं. सुसाकीने लिवाचला 10-0 ने हरवलं, कुस्ती वेळेआधीच थांबली. आदल्या दिवशीचे पाच गुण तिच्या खात्यावर कुणी धरले नाहीत.