माजघरातली फळी

आमच्या गावच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना डोक्यावर एक सागवानी फळी होती, तिच्यावर घरातली सगळी पुस्तकं मावत. ज्ञानेश्वरी, दासबोध, तांबड्या फडक्यात बांधलेलं गुरुचरित्र, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’, विनोबांची ‘गीता प्रवचने’, त्या वर्षीचं पंचांग आणि या सगळ्यांहून जाड असं ‘आर्यभिषक्’. कथा-कादंबऱ्या वाचनालयातून यायच्या आणि परत जायच्या. फळीवर राहायचं ते ज्याच्यावाचून घर अडेल तेच. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, पोर हट्टाला पेटलं, की कुणाचा ना कुणाचा हात वर जायचा.

‘आर्यभिषक्’ आजोबांचं. ते शाळामास्तर होते, वैद्य नव्हते, पण कृष्णाकाठच्या आमच्या त्या लहानशा गावात लोक औषध विचारायला त्यांच्याकडेच यायचे. हे पुस्तक लिहिणारे शंकर दाजीशास्त्री पदे १९०९ मध्ये वारले, म्हणजे त्यातलं ज्ञान मी वाचायला शिकले तेव्हासुद्धा जुनंच होतं. अडुळसा, वावडिंग, वेखंड, गुळवेल, हिरडा. एकेका वनस्पतीचे गुण आणि ती कशावर, कशातून, किती द्यायची, हे त्यात सापडायचं. आजोबांनी समासात शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. ज्या औषधाने गुण आला तिथे एक टिंब, नाही आला तिथे आडवी रेघ. रेघा बऱ्याच होत्या.

खोकल्याची तक्रार घेऊन एखादी बाई ओसरीवर बसली की आजोबा पुस्तक उघडायचे, पण त्यात लगेच बघायचे नाहीत. आधी विचारायचे. खोकला कधीपासून आहे, रात्री वाढतो का, बेडका पडतो का, ताप येतो का, वजन उतरलंय का. मग अडुळशाच्या पानांचा रस मधातून घ्यायला सांगायचे. पण बेडक्यात रक्त आहे म्हटलं की पुस्तक मिटायचे. “हे माझ्या पुस्तकातलं नाही. उद्याच्या पहिल्या एसटीने कऱ्हाडला सरकारी दवाखान्यात जायचं.” भाड्याला पैसे नसले तर तेही द्यायचे. त्या बाईला काय झालं असेल हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण पुस्तक मिटताना आजोबांचा चेहरा किती गंभीर व्हायचा ते आठवतं.

एका पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली. नदीचं पाणी गढूळ झालं होतं आणि आडातही तेच उतरलं असावं. शेजारचं दीड वर्षाचं पोर सकाळपासून जुलाबाने निपचित झालं होतं. घरोघरी समज असा की जुलाब होत असताना पाणी दिलं तर ते आणखी वाढतात, म्हणून त्या पोराचं पाणी तोडलेलं. आईकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी वाटलेली एक पातळ पुस्तिका होती. ती तिने फळीवरून काढली आणि उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने वाचली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. घोटाघोटाने पाजत राहायचं, उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा. आजोबांनी ते ऐकलं. त्यांच्या पुस्तकात जुलाबावर जायफळ होतं, कुडा होता. त्यांनी आईच्या हातातली पुस्तिका घेतली, स्वतः एकदा वाचली आणि म्हणाले, “सूनबाई, साखर तू मोज. माझा हात थरथरतो.”

पुढे कधीतरी वाचलं, की हे साधं पाणी मोठ्या प्रमाणावर कामी आलं ते १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात सीमेलगतच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला सांगितलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आतड्यात साखर असली की तिच्याबरोबर मीठ आणि पाणीही आत ओढलं जातं, हे त्यामागचं कारण. आमच्या ओसरीवर त्यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चौकटीत छापलं होतं: डोळे खोल गेले, मूल पाणी पिईना, लघवी थांबली, शौचातून रक्त पडू लागलं, तर घरी थांबू नका. आईने ती चौकट दोनदा वाचली. पोराला संध्याकाळपर्यंत लघवीला झालं आणि त्याच्या आईने पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

त्या चौकटीवर माझा आजही जीव आहे. आयुष्यात ज्या ज्या पुस्तकांनी मला खरोखर वाट दाखवली, त्या प्रत्येकात अशी एक चौकट होती, छापलेली नसली तरी. आपलं काम कुठे संपतं हे त्यांना माहीत होतं आणि ते सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. सगळ्यावर आपल्याकडेच उपाय आहे म्हणणाऱ्या पुस्तकापासून मी दोन हात लांब राहते. मग ते औषधाचं असो, देवाचं असो नाहीतर संसाराचं.

देवाचं सांगायचं तर आजीपासून सुरुवात करायला हवी. गुरुचरित्राचा सप्ताह आमच्याकडे दत्तजयंतीच्या आधी व्हायचा. सोवळं, ठरलेली वेळ, सात दिवसांत अध्यायांची ठरलेली विभागणी. बायकांनी ती पोथी वाचू नये असा संकेत होता, म्हणून आजोबा वाचायचे आणि आजी दाराआड बसून ऐकायची. तिची श्रद्धा खरी होती. तिच्या त्या ऐकण्यात मला कुठे उणेपणा दिसला नाही. पण तिला स्वतःचा म्हणून जो आधार होता तो हरिपाठाचा. तो तिला तोंडपाठ होता आणि तो म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती. जात्यावर, गोठ्यात, दुखण्यात, कुठेही तो चालायचा.

माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. घरात दिवस चालू असताना रिवाजाप्रमाणे भटजींनी गरुडपुराण लावलं. यमाची वाट, वैतरणी, कुठल्या पापाला कुठली यातना. आई भिंतीशी बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती उठली आणि आजोबांना म्हणाली, “मामंजी, हे मला ऐकवत नाही. त्यांनी असं काय केलं होतं?” ज्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता त्या आजोबांनी भटजींना दक्षिणा दिली, हात जोडले आणि वाचन थांबवलं. नात्यातल्या दोघा-तिघांना ते फार लागलं. आजोबांनी कुणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांनी फळीवरून ‘गीता प्रवचने’ काढली.

विनोबांनी ही प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिली, एका रविवारी एक अध्याय, आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. समोर बसलेले सगळे घरापासून तुटलेले, बाहेर कोण आजारी आहे, कोण उपाशी आहे याची खबर नसलेले. मला वाटतं, त्या पुस्तकाचा आवाज असा का आहे त्याचं कारण हेच. त्यात धाक नाही. शेत, चूल, चरखा, आईची माया अशा रोजच्या गोष्टी घेऊन तो माणूस समजावत राहतो. आजोबांनी आठवा अध्याय वाचला, मरणाचा. शेवटच्या क्षणी मनात काय येईल ते जन्मभर रोज काय केलं त्यावर ठरतं, असा त्याचा आशय. आई मधेच म्हणाली, “ते रोज रात्री झोपताना पोरींच्या अंगावर पांघरूण घालायचे.” आजोबा थांबले. तिला बोलू दिलं. कितीतरी वेळ ती वडिलांच्या रोजच्या सवयी सांगत होती, आणि तिच्या दुःखाला पहिल्यांदा शब्द मिळाले ते त्या संध्याकाळी. मेल्यावर माणूस कुठे जातो हे त्या पुस्तकाने तिला सांगितलं नाही. तिचाही तो प्रश्न नव्हता.

‘श्यामची आई’ मात्र मी दोन वेगळ्या वयांत वाचलं आणि दोनदा वेगळं वाचलं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं. लहानपणी आई एकेक ‘रात्र’ वाचून दाखवायची आणि आम्ही बहिणी मुसमुसत ऐकायचो. आई म्हणजे असं काही असतं, अशी समजूत तेव्हा मनात बसली. मुलगी झाल्यावर मी ते परत हातात घेतलं तेव्हा मला श्यामपेक्षा त्याची आई दिसली. कर्जात बुडालेलं घर, अंगावर दुखणं काढणारी, सावकाराच्या माणसाचे शब्द ऐकून घेणारी बाई. तिच्या त्यागाचं आपण फार कौतुक करतो. तिच्या दुखण्याला वेळेवर औषध मिळालं असतं तर, हा विचार फारसं कुणी करत नाही. माझ्या मुलीला मी ते पुस्तक वाचून दाखवलं, पण मधे मधे थांबून हेही बोलले.

सासरी गेले तिथे फळी नव्हती, ट्रंक होती. सासूबाईंनी एकदा ती उन्हात टाकायला उघडली तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक निघाले. र. धों. कर्व्यांचं हे मासिक १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. १९२१ मध्येच त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्या कामापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, आणि त्यातला एक खटला त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी होत्या. सासूबाई अंक झटकत शांतपणे म्हणाल्या, “माझ्या आईला नऊ बाळंतपणं झाली. मला दोन. ह्यांनी हे आणलं, कंदील लावून मला वाचून दाखवलं आणि विचारलं, तुला काय वाटतं?” त्या पिढीतल्या एका नवऱ्याने बायकोला हा प्रश्न विचारला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. संसारावरच्या कितीतरी पुस्तकांत बाईने कसं वागावं याच्या याद्या असतात. तिला काय वाटतं हे विचारायला लावणारं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी जातं.

माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला तोवर आमच्या शहरातल्या घरात पुस्तकांची दोन कपाटं झाली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर ते गप्प असायचे. जिना चढायची भीती, एकटं राहायची भीती. भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी उपाय सांगून जायचा, कुणी काढा, कुणी दुधीचा रस. एका भाच्याने डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणून दिलं. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरला स्वतःला चाळिशीत झटका आला. आपण डॉक्टर असून आपल्याच शरीराकडे कसं पाहिलं नाही, हे त्यांनी सरळ लिहिलं आहे. त्या सरळपणानेच ह्यांना बोलतं केलं. “इतक्या मोठ्या माणसालाही भीती वाटली होती,” ते पुस्तक पोटावर उपडं ठेवून म्हणाले.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बुधलीला दोरीने एक छोटा चमचा बांधला गेला. फोडणीला अंदाजाने तेल घालायची माझी सवय त्या चमच्याने मोडली. सकाळचं चालणं सुरू झालं, संध्याकाळी डोळे मिटून बसणं सुरू झालं. गोळी मात्र एकही चुकली नाही. तपासण्या, तज्ज्ञांचा सल्ला हे सगळं आपापल्या जागी राहिलं. याच सुमारास कुणीतरी दुसरं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं होतं, ज्यात सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं आणि दवाखान्यात कधी जावं याबद्दल अवाक्षर नव्हतं. ते मी रद्दीत घातलं. कुणाला पुढे देणंही मला पाप वाटलं.

आता मुलीला बाळ झालंय. तिच्या हातात सध्या एकच पुस्तक आहे आणि त्याला पुस्तकही कुणी म्हणत नाही: दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल सुरक्षा कार्ड. लसींच्या तारखा, वजनाचा आलेख, धोक्याची लक्षणं. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध द्यायचं, वरचं पाणीसुद्धा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. विहीणबाईंनी मात्र गावाहून सहाण आणि गुटीचं सगळं सामान आणलं होतं. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, बेहडा, सगळं नीट पुरचुंडीत. त्यांची तीन मुलं या गुटीवर वाढली. मुलीने मला फोन केला, “आई, तूच सांग ना त्यांना.”

मी म्हटलं, मी सांगणार नाही. कार्ड घेऊन त्यांच्याजवळ बस आणि त्यांना वाचून दाखव. गुटीला नाही म्हणू नकोस, अजून नाही एवढंच म्हण, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर ने. तेल लावून अंघोळ घालणं, शेकणं, अंगाई, हे त्यांच्याइतकं तुला कुठलंच कार्ड शिकवणार नाही, हेही त्यांना सांग.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मागे विहीणबाईंचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी चष्मा मागवला होता आणि वजनाच्या आलेखावर बोट ठेवून त्या विचारत होत्या, “ही हिरवी रेघ म्हणजे चांगलं ना गं? मग आपलं बाळ कुठंय यात? नीट दाखव मला.”