साठ युनिटांचा हिशेब

बे एरियातल्या आमच्या मंडळाचा गणपती. आरती आटोपली, खिरापत हातावर पडली आणि एका मित्रानं मला बाजूला घेतलं. "पोराला कम्युनिटी कॉलेजात फायर टेक्नॉलॉजी करायचंय. तू त्यातला माणूस. जरा समजाव त्याला." समजाव म्हणजे त्याच्या डोक्यातून काढून टाक, एवढं मला कळलं. पोरगा चार पावलांवर उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानंच विचारलं, "काका, पैसे वसूल होतात का?"

मी स्प्रिंकलरची डिझाइनं करून पोट भरतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तोच विषय एका कम्युनिटी कॉलेजात शिकवतो. तेव्हा माझ्या बोलण्यातून थोडी सूट वजा करूनच ऐकावं.

फीचा हिशेब सोपा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. असोसिएट पदवीला ६० युनिटं, म्हणजे २,७६० डॉलर. वर पुस्तकं. एवढं ऐकून मित्राचा चेहरा खुलला. पण महाग असतो तो वेळ. तासाला अगदी १६ डॉलर मिळतील असं धरलं, तरी पूर्णवेळ कामाचे वर्षाला ३३ हजारांच्या वर होतात. दोन वर्षं नुसतं वर्गात बसलं की ते बुडाले.

आणि बंबावर चढायला बहुतेक ठिकाणी ही पदवी मागतच नाहीत. वय १८, हायस्कूल पास, ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीचं प्रमाणपत्र (ते एका सत्रात होतं) आणि सीपीएटी नावाची शारीरिक चाचणी. ५० पौंडांचं जाकीट अंगावर, जिन्याच्या यंत्रावर आणखी २५ खांद्यांवर, आणि सगळ्या आठ कसोट्या १० मिनिटं २० सेकंदांत. तिथं गुणपत्रिका कुणी पाहत नाही. शिवाय अमेरिकेतले साधारण दोन-तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. गावोगावी बंब दिसले म्हणून गावोगावी पगार असतो असं नाही.

मी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून बी. ई. झालेला. आधी पदवी, मग नोकरी, हा क्रम आमच्या हाडात मुरलेला. इथं तो उलटा लावला तर फायद्याचा ठरतो, हे गळी उतरायला मला फार वर्षं लागली. माझ्या वर्गातले निम्मे विद्यार्थी आधीच नोकरीत आहेत. चोवीस तासांची पाळी, आठवड्याला सरासरी ५६ तास. रात्रभर कॉल झाले की वर्गात जांभया देतात. पण त्यांचा पगार चालू असतो. अनेक खात्यांत पदवीचा भत्ता करारातच लिहिलेला असतो आणि कॅप्टनच्या वर सरकायचं म्हटलं की कागद उपयोगी पडतो. त्यांना साठ युनिटं जवळजवळ फुकट पडतात. बाहेरच्याला मात्र तीच पदवी महाग.

आता माझ्या आवडीचं. या अभ्यासक्रमात पाण्याच्या गणिताचा एक विषय असतो. ५.६ के-फॅक्टरच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या गुणांकाच्या, स्प्रिंकलरवर ७ पीएसआय दाब असेल तर मिनिटाला १४.८ गॅलन पाणी पडतं. मग पाइपातल्या घर्षणानं दाब किती खाल्ला, ते मागं मागं जात मुख्य नळापर्यंत मोजायचं. (सिनेमात सगळे स्प्रिंकलर एकदम फुटतात, तसं सहसा होत नाही. ज्याची काचेची कुपी तापली, तोच उघडतो.) बंबावर जाणारी पोरं हा विषय कसाबसा ढकलतात. पण स्प्रिंकलर कंपनीच्या डिझाइन खात्यात, नकाशे तपासणाऱ्या कार्यालयात याच गणिताला किंमत आहे. नायसेट या व्यावसायिक प्रमाणपत्राची एकेक पातळी पार केली की ती किंमत वाढते. पदवीचा सगळ्यात कमाऊ विषय हाच, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हात चालवायची आवड असेल तर युनियनची पाच वर्षांची स्प्रिंकलर फिटरची शिकाऊ योजना आहे. तिथं पहिल्या दिवसापासून मजुरी मिळते आणि पदवी लागत नाही. हे मी वर्गातही सांगतो.

एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. गुडघे. पंचेचाळिशीत पाठ गेली की शिडी सुटते आणि मग तपासनीसाच्या खुर्चीपर्यंत जायला साठ युनिटांचा आधार होतो. अठराव्या वर्षी गुडघ्यांचं कुणाला सांगणार!

पोराला मी एवढंच म्हटलं, की आधी ईएमटी कर, मग बघू. त्यानं केलं. यंदा ऑगस्टात तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर आला, अँब्युलन्सच्या गणवेशातच. एकच विषय घेतलाय, तो पाण्याच्या गणिताचा. पदवीचा अर्ज भरलेला नाही. हे त्याच्या बाबांना ठाऊक नाही. आमच्या मंडळात हा अंक जरा उशिराच पोचतो.