बारीक दोरी

मासेमारी हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे जाळे उभे राहते. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील आपल्या कुटुंबांना होडी, जाळे आणि पहाटेचा मासळीबाजार यांची ओळख करून द्यायला नको. शुभवर्तमानांतही जवळजवळ सर्वत्र जाळेच आहे. गळाचा उल्लेख मात्र एकदाच येतो. मंदिराच्या कराचा प्रश्न निघाला, तेव्हा प्रभू येशूने पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले, आणि पहिल्याने वर येणाऱ्या माशाच्या तोंडातील नाण्याने दोघांचाही कर भरण्यास सांगितले, असे संत मत्तय सतराव्या अध्यायात लिहितो. जाळ्याचा हिशेब टोपल्यांनी होतो. गळाचा हिशेब एकेका माशाने. ज्याला एकच मासा धरावयाचा आहे त्याला त्या माशाकडे नीट पाहावे लागते. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती मात्र समुद्रापासून दूर, रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील नद्यांवर.

या नद्यांची कथा मोठी वेधक आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीकडे आणि ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीकडे अजस्र नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरते. एरवी जे पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे गेले असते, तेच वीज देऊन झाल्यावर पाताळगंगेत आणि पेज नदीत येते व अरबी समुद्राची वाट धरते. म्हणूनच कोकणातील कितीतरी ओढे आणि नद्या वैशाखात कोरड्या पडतात, तेव्हाही पेजेची धार तुटत नाही. बारमाही पाणी असले की मासाही बारमाही, आणि मासा म्हटला की त्याचा माग काढीत मुंबईची हौशी मंडळी आलीच.

आमच्या परिचयातील दोन तरुण याच हौसेचे. धर्मगुरूला रविवारी कुठली उसंत? म्हणून आमच्यासाठी ते सोमवारी रजा काढून येतात. त्यांच्या सरंजामाला ते ‘लाइट टॅकल’ म्हणतात. बोटाएवढी लवचीक काठी, मुठीत मावेल असे रीळ आणि जेमतेम तीन-चार किलोंचा ताण सोसणारी बारीक दोरी, एवढेच ते सामान. रिळाची पकड थोडी ढिली ठेवतात. माशाने जोर केला की दोरी आपोआप सुटत जाते आणि तुटत नाही. मासा पळू लागला की त्याला पळू द्यावयाचे, तो थांबला की हलकेच दोरी गुंडाळावयाची. वयात आलेल्या मुलांच्या आईबापांनीही हे तंत्र शिकून घ्यावे, असे आम्हांला अनेकदा वाटले!

परंतु काठी कितीही भारी असली तरी मासा कोठे आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी वाटाड्या लागतो. आमचे वाटाडे म्हणजे एक वयस्क कातकरी गृहस्थ; आम्ही सारेच त्यांना मामा म्हणतो. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल हातचे गेले, तसा कात गेला, आणि नदी, खेकडे, मासे व मोलमजुरी एवढेच या समाजाच्या हाती उरले. महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी जमातींची गणना शासन अतिशय दुर्बल म्हणून करते त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर कातकरीही आहेत. अशा माणसाच्या मागून दोन पदवीधर तरुण आणि सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला एक धर्मगुरू मुकाट्याने चालतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

एका भाद्रपदात मामांनी आम्हांला नदीलगतच्या एका संथ डोहावर नेले. मरळ या माशाला केवळ पाण्यातील हवा पुरत नाही. श्वास घ्यायला त्याला वर यावे लागते, आणि जाणत्याला तेवढी खूण पुरते. पाण्यावर एक वर्तुळ उमटले. तरुणाने काठी मागे नेली, तोच मामांनी त्याचे मनगट धरले.

“ऱ्हाऊ दे. पिलांची आय हाय ती.”

आम्ही वाकून पाहिले. पाण्याच्या पृष्ठालगत लालसर, काडीएवढ्या पिलांचा एक थवा हलत होता आणि त्याखाली मोठ्या मरळीची काळसर सावली स्थिर होती. मरळ आपल्या पिलांची राखण करते. राखणदार गेला की इतर मासे त्या थव्याचा फडशा पाडतात. त्या दिवशी मामांच्या घरी कालवणाला काही नव्हते, हे आम्हांला नंतर कळले. तरीही त्यांनी तो मासा धरू दिला नाही.

पुढच्या वळणावर दुसरी मरळ लागली, चांगली किलोभर वजनाची. बारीक दोरीवर तिला काठाशी आणायला बराच वेळ गेला. तरुणांनी फोटो काढला, गळ सोडवला आणि अगदी आनंदाने तिला पुन्हा पाण्यात सोडून दिले. मामा पाहत होते.

“सोडायचा व्हता, तं धरला कशाला?” ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न आम्हांला अधिक बोचला. एकाच्या हौसेचा शेवट दुसऱ्याच्या रिकाम्या पातेल्यापाशी होत असेल, तर त्या हौसेला दयाळूपणा म्हणावे काय?

या प्रश्नावर विचार करताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टेरी बास या माशाचा इतिहास आमच्या वाचनात आला. हा मासा समुद्रात वाढतो आणि वसंत ऋतूत नदीच्या गोड्या पाण्यात चढून अंडी घालतो. तिकडेही हलक्या काठीने, वाटाड्याला सोबत घेऊन तो धरण्याचा मोठा छंद आहे. तो इतका विपुल होता की लोक त्याचे शेतात खत करीत. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीला त्यावर बंदी घालावी लागली. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो संपत आला. १९८४ साली अमेरिकेच्या संसदेने त्याच्या रक्षणासाठी कायदा केला आणि १९८५ ते १९९० या काळात मेरीलँड राज्याने त्याची मासेमारी पूर्णपणे थांबवली. तेव्हा कोठे तो सावरला. परंतु २०१९ साली तज्ज्ञांनी पुन्हा धोक्याची सूचना दिली. धरून सोडलेल्या माशांपैकी सुमारे ९ टक्के मासे मरतात असा हिशेब तेथे धरला जातो. सोडणारे हात लाखो असले की हा लहानसा आकडाही डोंगराएवढा होतो. दोरी जितकी बारीक तितकी झुंज लांबते, मासा तितका थकतो, आणि उन्हाने तापलेल्या पाण्यात तो पुन्हा सावरेलच असे नाही. आम्ही हे वाचले तेव्हा मामांचा प्रश्न पुन्हा आठवला. शास्त्रज्ञांनी आकडेमोड करून जे विचारले, तेच त्यांनी काठावर उभे राहून विचारले होते.

आपल्याकडेही मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मासे नदीतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. हीच वलगण. पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध निघालेल्या त्या माशांना पाग, टोपल्या आणि काठ्या घेऊन माणसे वाटेतच गाठतात. पूर्वी पाड्यावरचे लोक घरापुरते धरीत. आता शहरांतून गाड्या भरून माणसे येतात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी आपले कोळीबांधव पोटाला चिमटा घेऊन पाळतात. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. मात्र ओढ्याच्या वळणावर कायदा उभा नसतो. तेथे मनगट धरणारा कोणी तरी लागतो.

पुढे त्या तरुणांनी आपण होऊन काही गोष्टी ठरवल्या. मासा मिळो वा न मिळो, मामांची मजुरी पूर्ण आणि आधी द्यायची. खाण्याजोगा पहिला मासा मामांच्या घरी जायचा. दोघांच्या गरजा भागल्या की काठ्या आवरायच्या. केवळ मौजेसाठी धरत-सोडत बसायचे नाही. उन्हाळ्यात ऊन चढले की थांबायचे. आणि मामांनी ‘नको’ म्हटले तर कारण विचारायचे, वाद घालायचा नाही.

यामुळे मामांचे दारिद्र्य हटले असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दिवाळी झाली की या वस्तीवरील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलांच्या शाळा सुटतात आणि थेट पावसाच्या तोंडाशी सगळे परततात. वर्षातील काही सोमवारांची मजुरी त्यापुढे किती पुरणार? परंतु जो माणूस भट्टीवर केवळ दोन हात म्हणून मोजला जातो, तो नदीवर गुरू असतो, आणि गुरूला त्याची दक्षिणा मिळाली पाहिजे. पहिल्या माशाच्या तोंडात जे नाणे होते तेही मौजेसाठी नव्हते. ते देणे फेडण्यासाठी होते.

वाचकहो, पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे सहलीला जाण्याचा बेत आपल्यापैकी अनेकजण करतात. मुलांना गळ टाकण्याची हौस असेल तर अवश्य टाकू द्या. मात्र स्थानिक जाणत्याला सोबत घ्या, त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका, आणि त्याने मुलाचे मनगट धरले तर रागावू नका. पाण्यात वाकून पाहा. तेथे बहुधा पिले असतील.